सुट्या भागांची बेस : कामाच्या नोंदी

५ जून

टेबलावर जुनी चादर अंथरून बेस गिटारचे सगळे भाग मांडले. आजच लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभराने कुठला भाग कुठून आला ते आठवणार नाही.

बॉडी माझ्या पहिल्या बेसची. त्या बेसचा नेक, म्हणजे डावा हात फिरतो तो लांब दांडा, तीन वर्षांपूर्वी पिळवटला. नेक पुढे किंवा मागे वाकला तर आतली धातूची सळई, ट्रस रॉड, फिरवून सरळ करता येतो. पण पीळ बसला, म्हणजे ई या सगळ्यात जाड तारेकडची कड एकीकडे आणि जी या सगळ्यात बारीक तारेकडची दुसरीकडे गेली, की रॉडचं काही चालत नाही. मी बरेच महिने प्रयत्न केले आणि शेवटी तो नेक काढून ठेवला. बॉडी मात्र टाकवेना. याच बॉडीवर हात टेकून मी पहिल्यांदा खर्ज ऐकला.

आता मित्राने त्याच्या मोडलेल्या बेसचा नेक दिलाय. मेपलचा, वर फ्रेटच्या आडव्या धातूपट्ट्या बसवलेला काळपट फ्रेटबोर्ड, नटपाशी (वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) ३८ मिमी रुंद. तारांचं खालचं टोक धरणारा ब्रिज जुनाच, वाकवलेल्या पत्र्याचा, चार सॅडल्सचा; प्रत्येक सॅडलवर एक तार टेकते. ट्यूनरचे, म्हणजे तारा ताणायच्या किल्ल्यांचे, दोन संच आहेत : जुने जड आणि मित्राच्या नेकबरोबर आलेले हलके. तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या स्प्लिट पिकअपचे तीन अर्धे भाग आहेत, त्यातले कुठले चालतात ते बघायचंय. व्हॉल्यूम आणि टोन फिरवायचे पॉट, कॅपॅसिटर आणि जॅक डब्यात सापडले.

हे सगळं जुळवता येईल असं वाटतं त्याचं श्रेय अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरला. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, सिएटलमध्ये पॉल टटमार्कने फ्रेटवाली भरीव इलेक्ट्रिक बेस बनवली होती, पण ती फारशी पसरली नाही. फेंडरची प्रिसिजन १९५१ मध्ये आली. तिचा नेक डिंकाने चिकटवलेला नव्हता, चार स्क्रूंनी बसवलेला होता. बिघडला तर काढा, दुसरा लावा. ३४ इंची स्केलही, म्हणजे तारेची वाजती लांबी, तिथूनच रूढ झाली. माझी बॉडी आणि हा नेक दोन्ही त्याच घराण्यातले, त्यामुळे एकमेकांत सहज बसतील असं धरून चाललेय.

६ जून

सहज बसणार नाहीत.

नेक खाचेत ठेवला, चारी स्क्रूंची भोकं जुळली, मन आनंदलं. मग मोजपट्टी घेतली. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर ४३२ मिमी. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून दुप्पट केलं : ८६४. म्हणजे ३४ इंचच, इथवर ठीक. नटपासून ८६४ वर बॉडीवर पेन्सिलीची रेघ मारली, तर ती जुन्या ब्रिजच्या सॅडल्सच्या दीड सेंटीमीटर पुढे, पिकअपकडे पडली.

पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग जुना पिळवटलेला नेक आणून शेजारी ठेवला आणि उलगडा झाला. जुन्या नेकला २० फ्रेट, नव्याला २१. हा एकविसावा फ्रेट खाचेच्या बाहेर लोंबत नाही, त्याच्यासाठी नेकचं लाकूडच लांब ठेवलंय. जुना नेक नटपासून टोकापर्यंत ५९८ मिमी, नवा ६१३. खाचेत टोक एकाच जागी टेकतं, त्यामुळे नवा नट १५ मिमी बाहेर गेला आणि त्याच्याबरोबर सॅडल्सची जागाही १५ मिमी पुढे आली.

जुन्या भोकांत ब्रिज बसवला असता तर तार ८७९ मिमी झाली असती आणि एकही फ्रेट सुरात लागला नसता. सॅडल पुढेमागे करून फार तर सात-आठ मिलिमीटर मिळतात, पंधरा नाही. स्क्रूची भोकं जुळली म्हणून मी तासभर निर्धास्त होते, याचं राहून राहून वाईट वाटतंय. भोकं फक्त नेक कुठे धरला जाईल एवढंच सांगतात. सूर कुठे धरायचा ते बारावा फ्रेट सांगतो.

८ जून

दोन दिवस दोन पर्याय डोक्यात घोळत होते. एक, नेकची खाच पिकअपच्या दिशेने १५ मिमी वाढवायची. दोन, ब्रिज १५ मिमी पुढे आणायचा.

खाच वाढवली तर ब्रिजची जुनी भोकं वापरता येतात, बाहेरून काही दिसत नाही. पण खाच आणि पिकअपचा खड्डा यांच्यामध्ये जी लाकडाची भिंत आहे तीच पातळ होईल, आणि तारांचा सगळा ताण तिथेच येतो. ४५ ते १०५ च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) चार तारा सुरात लावल्या की मिळून ऐंशी किलोच्या आसपास ओढ असते, आणि ती चोवीस तास. ती भिंत मी कापणार नाही.

ब्रिज पुढे आणायचा. यात एक बदल कानाला कळेल : पिकअप जागेवरच राहणार आणि सॅडल्स त्याच्या जवळ येणार. ब्रिजजवळ तार कमी हलते आणि वरच्या स्वरांशांचं प्रमाण वाढतं, त्यामुळे आवाज थोडा घट्ट आणि टोकदार होईल. मला ते चालेल.

ब्रिजची जुनी पाच भोकं ८ मिमीच्या ड्रिलने सरळ करून घेतली, त्यात लाकडी खुंट्या डिंक लावून ठोकल्या. उद्या वरून कापून पॉलिश पेपरने घासायच्या.

११ जून

नेकची खाच. खाचेची रुंदी ६३.५, नेकची ६२.७. एवढ्या फटीत नेक डावीउजवीकडे हलतो, आणि इथला अर्धा मिलिमीटर ब्रिजपाशी दोन-तीन मिलिमीटर होतो. दोन्ही बाजूंना ०.४ मिमीची मेपलची पातळ पट्टी चिकटवली. आता नेक हाताने दाबून बसवावा लागतो आणि उचलला की बॉडीही उचलली जाते. असाच हवा.

मग मधली रेघ. ती बॉडीवरून काढायची नसते, कारण बॉडीच्या कडा वळणदार आणि रंगाखाली कमीजास्त घासलेल्या असतात. ती नेकवरून काढायची. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून दोन दोरे काढले, ई आणि जी तारांच्या जागी, आणि खाली ब्रिजच्या सॅडल्सवर नेले. ब्रिज नुसता ठेवलेला, स्क्रू नाहीत. धाकट्या भावाला दोऱ्यांची टोकं ताणून धरायला बसवलं. ब्रिज केसभर डावीकडे सरकवायचा, नेकच्या दोन्ही कडांपासून दोऱ्याचं अंतर शेवटच्या फ्रेटवर बघायचं, पुन्हा सरकवायचा. वीस मिनिटं तो न हलता बसला, मग म्हणाला, "ताई, एक सांगू? जी-कडचा दोरा कडेच्या जास्त जवळ आहे. मला इथून दिसतोय." बरोबर होतं. मी वरून बघत होते, तो समोरून. एक मिलिमीटर सरकवला आणि दोन्हीकडे सारखं अंतर आलं.

लांबीचं गणित असं : जी तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणायचं आणि ते ८६४ च्या रेघेवर येईल असा ब्रिज ठेवायचा. फ्रेटवर दाबताना तार ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो, ती चूक भरून काढायला सॅडल नेहमी मागेच न्यावं लागतं, आणि जाड तारेला जास्त. सॅडल मधोमध ठेवून ब्रिज बसवला तर मागे जायला जागा अपुरी पडते. पाचही भोकांच्या खुणा टोच्याने केल्या.

१२ जून

ब्रिजचा स्क्रू तुटला.

२ मिमीचं भोक पाडलं होतं, स्क्रू ३ मिमीचा. तिसरा स्क्रू तीन चतुर्थांश आत गेला, जड लागायला लागला, आणि मी थांबायच्या ऐवजी दोन्ही हातांनी जोर दिला. टक् असा आवाज झाला आणि स्क्रूचं डोकं पेचकसाबरोबर फिरायला लागलं. भोक लहान होतं आणि स्क्रूला मेण लावलं नव्हतं. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या.

आज पुढे काही केलं नाही.

१३ जून

तुटलेला तुकडा लाकडाच्या पृष्ठभागाखाली गेलाय, पक्कड पोहोचत नाही. स्क्रूवर ड्रिल चालवलं तर ते पोलादावरून घसरून लाकडात शिरतं, म्हणून तो नाद सोडला. ६ मिमीची पोकळ स्प्रिंग पिन घेतली, तिच्या एका तोंडाला त्रिकोणी कानशीने चार दात पाडले आणि ड्रिलमध्ये धरली. आतली पोकळी स्क्रूच्या भोवती बरोबर बसते. सुरुवातीला पिन जागेवर राहावी म्हणून प्लायच्या तुकड्यात त्याच मापाचं भोक पाडून ते बॉडीवर क्लॅम्प केलं. गती कमी ठेवून, दर काही सेकंदांनी बाहेर काढून भुसा झटकला. करपल्याचा वास आला की थांबायचं.

पंधरा मिनिटांनी लाकडाचा एक बारीक दंडगोल सुटा झाला. टोच्याने उचलला तर आत स्क्रूचा तुकडा तसाच उभा. भोक ८ मिमीचं केलं आणि खुंटी बसवली. आता या बॉडीत सहा खुंट्या झाल्या.

१५ जून

खुंटीत आणि बाकीच्या जागी २.५ मिमीची भोकं. स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासली. पाचही स्क्रू एका हाताने, मनगटाच्या जोरावर आत गेले.

अर्थिंगची वायर खड्ड्यातून जुन्याच भोकाने ब्रिजच्या पत्र्याखाली येते. ब्रिज पुढे आला तरी ते भोक पत्र्याखालीच राहिलं, हे नशीब. ब्रिजच्या मागे पाच गोल खुंट्या उघड्या दिसतायत, रंगात फिकट ठिपक्यांसारख्या. त्यांना रंग लावणार नाही.

१९ जून

नेक. चार दिवस फक्त फ्रेट.

आधी ट्रस रॉड सैल-घट्ट करून नेक तारांशिवाय अगदी सपाट केला, कारण वाकलेल्या नेकवर फ्रेट घासले तर वाक फ्रेटमध्येच कोरला जातो. रॉड एका वेळी पाव फेराच फिरवते आणि लाकडाला थोडा वेळ देते. मग छोटी सरळ पट्टी तीन-तीन फ्रेटवर टेकवून बघितलं. पट्टी डुगडुगली की मधला फ्रेट उंच. नववा आणि चौदावा डुगडुगले. नववा तर खाचेतून सुटलेला होता. त्याच्याखाली पातळ डिंक सोडून क्लॅम्पने दाबला, तो बसला. चौदावा खरोखरच उंच होता.

फ्रेटबोर्डवर कागदी टेप, सगळ्या फ्रेटच्या डोक्यांवर निळ्या मार्करची रेघ, मग सरळ लोखंडी पट्टीला चिकटवलेला बारीक पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने, वजन न टाकता. निळं कुठे पुसलं जातं ते बघत राहायचं. पहिल्या दोन हातांत चौदाव्याचं पुसलं, दहाव्या हाताला बहुतेकांचं, शेवटी तिसऱ्या फ्रेटच्या ई-बाजूला एक निळा ठिपका उरला होता तोही गेला. तिथेच थांबले. आणखी घासलं असतं तर फक्त धातू वाया गेला असता.

सपाट झालेल्या डोक्यांना परत गोलाई द्यायला खास कानस लागते. गोलाई नसेल तर तार फ्रेटच्या मधल्या रेघेवर न टेकता पुढच्या कडेवर टेकते आणि स्वर कणसूर होतो. हे काम एकवीस वेळा केलं. मला ते आवडलं. प्रत्येक फ्रेटवर दोन्ही बाजूंनी कानस चालवत शेवटी मधोमध केसाएवढी निळी रेघ शिल्लक ठेवायची.

२३ जून

पिकअप. तीन अर्धे भाग आहेत. मीटरवर पहिला ५.४ किलोओहम, दुसरा काहीच नाही, तिसरा ६.१. दुसऱ्याची कॉइल आत कुठेतरी तुटलीय. ती तार केसापेक्षा बारीक असते, मी ती उलगडणार नाही. पहिला आणि तिसरा वेगवेगळ्या पिकअपचे, वेगवेगळ्या हातांनी गुंडाळलेले.

दोन्ही एकापुढे एक जोडून तात्पुरते अॅम्पला लावले. घरघर एखाद्या सिंगल कॉइलपेक्षाही मोठी.

१९५७ मध्ये प्रिसिजनवर जो दुभंगलेला पिकअप आला त्याची युक्ती हीच घरघर मारण्याची. दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. आजूबाजूच्या विजेच्या वायरींतून येणारी घरघर दोन्हींत सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे एकमेकींना खोडते. मग तारेचा आवाजही खोडला जाऊ नये म्हणून चुंबकंही उलटी ठेवतात. होकायंत्र दोन्ही भागांवर धरून बघितलं : सुई दोन्हीकडे एकाच बाजूने ओढली जाते. म्हणजे माझ्या दोन भागांची चुंबकं सारखीच आहेत. चुंबकं उपसून उलटी बसवायची तर कॉइल फाटण्याची भीती.

२४ जून

रात्री अंथरुणात पडल्यावर सुचलं. चुंबक उलटं करायची गरजच नाही. या पिकअपचा एक भाग ई आणि ए या दोनच तारा ऐकतो, दुसरा डी आणि जी. एकच तार दोन्ही भाग ऐकत असते तर दोन आवाज एकमेकांना मारून आवाज पोकळ झाला असता. इथे कुठलीही तार दोघांच्या वाटणीत येत नाही. म्हणून नुसती एका भागाची दोन टोकं अदलाबदल केली की घरघर खोडली जाईल आणि तारांचं काही बिघडणार नाही. जाड तारांची लहर पातळ तारांच्या उलट दिशेने सुरू होईल इतकंच, आणि ते कानाला कळत नाही.

सकाळी टोकं बदलली. अॅम्प तेवढ्याच आवाजावर. घरघर इतकी खाली गेली की अॅम्प चालू आहे का ते दिवा बघून ठरवावं लागलं. भावाला बोलावून दोनदा ऐकवलं.

५.४ वाला ई-ए ला आणि ६.१ वाला डी-जी ला ठेवला. ज्याचे वेढे जास्त त्याचा आवाज मोठा, आणि तो पातळ तारांना मिळाला तर बरं. उरलेला फरक पिकअपची उंची कमीजास्त करून भरून काढता येईल.

२७ जून

खड्ड्याला आतून तांब्याची फॉइल लावली, सांध्यांवर सोल्डरचा एकेक थेंब, मीटरने सगळे तुकडे एकमेकांना जोडलेत का ते तपासलं. पॉट दोन, दोन्हींवर २५० किलोओहम छापलंय. मोजले तर एक २१२, दुसरा २६८. पॉटमध्ये एवढा फरक सर्रास असतो. २६८ वाला व्हॉल्यूमला लावला, कारण तो पिकअपवर कमी भार टाकतो आणि वरचा आवाज थोडा जास्त मोकळा राहतो. टोनला २१२ आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर.

पॉटच्या पाठीवर अर्थिंग सोल्डर करायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरलं नाही. पत्रा मोठा, उष्णता पसरून जाते, सोल्डर वर गोळीसारखं बसतं आणि नखाने उचकटलं की निघतं. पाठ पॉलिश पेपरने खरवडली, ६० वॅटचं घेतलं, तीन सेकंदांत सोल्डर पाण्यासारखं पसरलं.

सगळं बंद करून प्लग घातला तर आवाजच नाही. प्लग आत गेला की जॅकची पाकळी वाकून फॉइलला टेकत होती आणि सिग्नल थेट अर्थिंगला जात होता. तिथे टेपचा तुकडा लावला.

३० जून

तारा चढवल्या. ४५, ६५, ८५, १०५.

जाड तार कापताना आधी पक्कडीने काटकोनात वाकवते आणि वाकाच्या पुढे कापते. सरळ कापली तर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सैल होतं आणि तार मेल्यासारखी वाजते. मागे एकदा नवी कोरी ई तार अशी वाया गेलीय.

सुरात लावून रात्रभर ठेवलं. वाजवलं नाही, मोह आवरला.

१ जुलै

सकाळी नेक अपेक्षेप्रमाणे पुढे वाकलेला. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट बोटाने दाबून, आठव्यापाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजली : ०.७ मिमी. पाव फेरा, थोडा वेळ, आणखी अर्धा पाव. ०.३ वर आली. तार मध्यावर सगळ्यात जास्त हलते, म्हणून एवढा वाक हवाच.

आता तारांची उंची. सॅडल्स पूर्ण खाली बसवूनही सतराव्या फ्रेटवर ३.५ मिमी. मला २.२ च्या आसपास हवी. सॅडल आणखी खाली जात नाहीत, म्हणजे नेकचा कोन बदलायचा. खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला पाचर घातली की नेकचं डोकं, म्हणजे किल्ल्यांकडचं टोक, किंचित मागे जातं. किती जाड पाचर? खाच ७५ मिमी लांब, आणि तिच्या पुढच्या कडेपासून सॅडलपर्यंत ३२६ मिमी. म्हणजे मागचं टोक अर्धा मिलिमीटर उचललं तर सॅडलपाशी फ्रेटबोर्डची पातळी जवळजवळ २.२ मिमी वर येते. अर्धा मिलिमीटर पुरे.

लोक इथे व्हिजिटिंग कार्डचा तुकडा टाकतात. चालतं, पण मग नेक दोन टोकांवर टेकतो आणि मध्ये पोकळी राहते. मेपलची पातळ पट्टी घेतली, दुहेरी टेपने लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवली आणि एका टोकाला ०.५, दुसऱ्या टोकाला शून्य अशी घासली. शेवटी तिच्या पातळ टोकातून बोटाची रेघ दिसत होती. दोन वेळा फाटली, तिसरी टिकली. आता ई २.४, जी २.०, आणि सॅडल्सना खाली जायला जागा शिल्लक आहे.

बाराव्याच्या पुढे ई तार जराशी झणझणते. तंबोऱ्याची जवारी आपण मुद्दाम लावतो, तिथे तो झंकारच हवा असतो. इथे तार फ्रेटवर आपटून आवाजाची आस तोडते. ई चं सॅडल पाव फेरा वर घेतलं, गेलं.

४ जुलै

नट. ई ची खाच अरुंद, तार तळाला न टेकता वरच अडकलेली. कानशीने रुंद केली, नेकच्या डोक्याकडे उतार ठेवून, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरच टेकेल.

मग सूर मिळवणी. बाराव्यावर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर सूर दाखवणाऱ्या यंत्रावर पडताळायचे. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे. शेवटी जी ८६४.५, डी ८६५.५, ए ८६७, ई ८६९. सगळी सॅडल्स आपापल्या स्क्रूवर मोकळी, अजून दोन मिलिमीटर मागे जाऊ शकतात. सहा जूनची पेन्सिलीची रेघ पत्र्याखाली अजून असेल.

९ जुलै

चार दिवस रोज वाजवतेय. बेस चांगली आहे. ई तार भरीव, पाठीला जाणवेल अशी. मोकळ्या ई ची मूळ कंपनसंख्या ४१.२ हर्ट्झ, छोट्या अॅम्पच्या स्पीकरला ती झेपत नाही, पण तिचे वरचे स्वरांश मिळून कानाला तोच खर्ज सांगतात.

एक दुखणं आहे. जी तारेवर सहाव्या फ्रेटचा स्वर मरतो. पाचव्यावर तार आठ-नऊ सेकंद वाजत राहते, सहाव्यावर तिसऱ्या सेकंदाला नुसती ठुसठुस. आधी फ्रेटवर संशय घेतला, पण पट्टी सांगते सहावा सपाट आहे. डी तारेवर अकराव्या फ्रेटला तोच स्वर घेतला, तिथेही किंचित दबतो. म्हणजे दोष फ्रेटचा नाही, त्या स्वराचाच. लांब सडसडीत नेकचं स्वतःचं कंपन त्या स्वराच्या आसपास असतं, आणि तारेची ताकद वाजण्याऐवजी नेक हलवण्यात जाते. या घराण्यातल्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटपाशी हे पुष्कळदा आढळतं.

नेकच्या डोक्यावर लहान क्लॅम्प लावून बघितला, दीडशे ग्रॅमचा. सहावा फ्रेट गायला लागला. मेलेली जागा खाली सरकून चौथ्या-पाचव्याच्या मध्ये गेली आणि तिथे तितकी खोल राहिली नाही. वजन वाढलं की नेकचं कंपन मंद होतं, हे हाताखाली ऐकायला मिळालं. दहा वेळा क्लॅम्प काढला आणि लावला.

१२ जुलै

मी हलके ट्यूनर लावले होते, एकेक ६२ ग्रॅमचा, त्यांच्यासाठी भोकांत बुशिंगही बसवली होती. जुने जड १०४ ग्रॅमचे. चारही जड लावले तर डोक्यावर १६८ ग्रॅम वाढतात, क्लॅम्पएवढेच. लावले. सहावा फ्रेट जिवंत, पण पट्ट्यावर घेऊन हात सोडला की डोकं हळूहळू जमिनीकडे जातं आणि डावा हात वाजवण्याऐवजी नेक पेलत बसतो. तासाभरात खांदा दुखायला लागला.

मग ई आणि ए ला जड, डी आणि जी ला हलके. ८४ ग्रॅम वाढ. सहावा फ्रेट आता पाच सेकंद टिकतो, पाचवा सहा. डोकं आडवं राहतं. किल्ल्या दोन तऱ्हेच्या दिसतात, वरच्या दोन मोठ्या पानांच्या, खालच्या दोन छोट्या.

२० जुलै

आज पहिला पूर्ण सराव, अडीच तास, ड्रमवर भाऊ. मध्ये दोनदा सूर तपासला, ए किंचित उतरली होती, बाकी जागेवर.

ब्रिजपाशी तारांखाली स्पंजची पट्टी सरकवून पाहिली. मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमर्सन आपल्या प्रिसिजनवर असाच फोम ठेवायचा, शिवाय तारा सपाट वेढ्यांच्या. पिकअप सॅडलजवळ आल्यामुळे जो टोकदारपणा आला होता तो स्पंजने बरोबर बसला, स्वर गोल आणि आखूड झाला. संथ गाण्यांना तो काढून ठेवला, कारण तिथे आस हवी होती. शेवटच्या गाण्यानंतर भावाने विचारलं, "ताई, ही आपली जुनीच ना?" बॉडीच्या कडेवरचा माझ्या मनगटाने झिजलेला डाग त्याने ओळखला होता.

पावसाळी हवेने नेक परत हलेल. आज आठव्या फ्रेटवर फट ०.३५. ट्रस रॉडची किल्ली केसच्या खिशात ठेवलीय, महिन्याभराने पुन्हा मोजणार आहे.